दुपारचा चहा



सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या राजाच्या औंध गावात चहाची तरफदारी करायला उभे राहणे हे थोडे धाडसच. पण आमचे आयुष्य कामगारांत गेले, आणि कामगाराच्या दिवसात दुपारच्या चहाएवढी गोड गोष्ट आम्ही दुसरी पाहिली नाही. आले ठेचून घातलेला, एकात दोन करून बशीत ओतलेला तो चहा फुंकर घालीतच प्यावा लागतो. घाई केली की जीभ पोळते. म्हणून माणूस टेकतो, शेजाऱ्याला घरचे विचारतो. त्या टेकण्यातच त्याची चव आहे.

१८९० साल पाहा. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये तो चहा झाला, ज्यावरून नंतर टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले. पुढे दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. त्याच साली १० जूनला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुण्याच्या चहावर जेवढी शाई सांडली तेवढी या रविवारवर सांडलेली आमच्या तरी वाचनात नाही! लोखंड्यांनी १८८४ सालीच आणखी एक मागणी केली होती : दुपारी अर्धा तास विश्रांती. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबणाऱ्यांसाठी फक्त अर्धा तास. १८९१ च्या कायद्याने तो मिळाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेण्यास बंदी केली आणि मध्ये निदान अर्ध्या तासाची सुटी बांधून दिली.

किर्लोस्करवाडी १९१० साली याच संस्थानात वसली. तेव्हा कारखान्याचा भोंगा या मुलखाला नवा नाही. पण आता नवी तऱ्हा निघाली आहे. एका कारखान्यात फुकट चहा सुरू झाला, तोही जागेवर आणून. मंडळी खूश. महिन्याभराने एक मावशी आम्हांला म्हणाल्या, "दादा, चहा आला, पण मशीन कुठं थांबतंय? हात मोकळा नको का?" कप गार होई, वर साय धरे. आम्ही दहा मिनिटे यंत्र बंद ठेवण्याची मागणी लावली. तरुण पोरे कुरकुरली, त्यापेक्षा पगारात वाढ मागा म्हणाली. मावशींनी त्यांना असे काही झापले की आमचे भाषण वाचले. दहा मिनिटे मिळाली.

आज घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा टपरीवर उभ्याउभ्या चहा पितो, एक डोळा फोनवर ठेवून. त्याचा भोंगा त्याच्या खिशात आहे, आणि तो सुटीचा कधी वाजत नाही. त्याची दहा मिनिटे कोणाकडे मागायची, यावर आमच्या युनियनमध्ये सध्या वाद चालू आहे.