नाव आणि भाव

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान मिळाला, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. ज्ञानाच्या अधिकाराने येथे बोलावे अशी माझी योग्यता नाही. मी आयुष्यभर बाजारात बसलेला मनुष्य. तेव्हा बाजाराविषयीच चार शब्द बोलावेत, असे ठरवून आलो आहे.

तरुणपणी मी एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहायला लागलो आणि पंचवीस वर्षे तेच काम केले. दिवाळीनंतर हंगाम भरात आला की पहाटेपासून गाड्या येत. रवे मांडले जात, सौदा निघे आणि दुपारपर्यंत माल हुंडेकऱ्याच्या ताब्यात जाई. शेतकऱ्याचे नाव माझ्या वहीत असे आणि त्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर असे. मात्र दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या रव्यावर ते नाव कोठेही नसे. ज्या गुळव्याने रात्रभर काहिलीपुढे उभे राहून पाक ओळखला, पाण्यात गोळी टाकून घट्टपणा पाहिला, रानभेंडीचा चीक घालून मळी वर काढली, त्याचे नाव तर माझ्या वहीतही नसे.

एके वर्षी एक वृद्ध शेतकरी पट्टी घेऊन माझ्यासमोर थांबला. त्याचा गूळ रंगाला काळसर होता, म्हणून भाव उतरला होता. तो म्हणाला, "दिवाणजी, पावडर घातली असती तर पिवळा झाला असता. घातली नाही. ते खाणाऱ्याला कुणी सांगेल का?" मी मान खाली घालून पुढची पट्टी लिहायला घेतली. त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण खाणारा कोण हे मलाही ठाऊक नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा जपानमधील एका डोंगरी गावाची हकिकत माझ्या वाचनात आली. क्युशू बेटावरील ओइता प्रांतात ओयामा नावाचे गाव आहे. चहूबाजूंनी उभे डोंगर, मध्ये नदीची अरुंद खोरी, सपाट जमीन फारच थोडी. जपानात शेती म्हणजे भात, आणि शासनाचे धोरणही भात वाढविण्याचेच. परंतु मूठभर सपाटीवर भात घेऊन पोट भरत नाही, हे ओयामाकरांना कळून चुकले होते. गावचे प्रमुख हारुमी याहाता हे शेतकरी सहकारी संस्थेचीही धुरा वाहत असत. 1961 साली त्यांच्या पुढाकाराने गावाने सरकारी सल्ला बाजूला ठेवला आणि डोंगरउतारावर आंबट आलुबुखारासारख्या 'उमे' फळाची व चेस्टनटची झाडे लावण्याचा निर्णय घेतला. त्यांची घोषणा ऐकून आपल्याला हसू येईल: उमे आणि चेस्टनट लावू या, हवाई बेटांवर जाऊ या!

वरकरणी ही थट्टा वाटते. तिच्यामागचा विचार मात्र गंभीर होता. गावातील तरुण शहराकडे चालला होता. कष्ट अधिक, प्राप्ती अल्प आणि जग पाहण्याची संधी शून्य, अशा ठिकाणी तो का राहील? म्हणून कष्टाचे तास कमी करणारे आणि अधिक मोल देणारे पीक निवडायचे, हे पहिले पाऊल. माणसाला शहाणे करायचे, हे दुसरे. राहण्याजोगे गाव घडवायचे, हे तिसरे. गावातील मंडळी साठच्या दशकातच खरोखर हवाईला जाऊन आली. तरुणांना सामुदायिक शेती पाहण्यासाठी इस्रायलमधील किबुत्झ वस्त्यांवर पाठविण्यात आले.

पुढे या गावाने एकाच पिकावर विसंबून राहण्याचेही सोडले. घराघरातून थोडे थोडे, पण अनेक प्रकारचे पिकवायचे, आणि कच्चा माल तसाच न विकता त्यावर घरीच प्रक्रिया करायची. उमे मिठात मुरवून, उन्हात वाळवून त्याचे लोणचे करायचे, मुरंबे करायचे, रानभाज्या टिकवायच्या. त्यांनी अळिंबीही पिकविली. ती आपल्यापैकी अनेकांच्या ताटात येणार नाही, पण तिच्यामागचा हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. या पद्धतीला ते गोमेची शेती म्हणतात. गोमेला पाय अनेक असतात, एखादा अधू झाला तरी ती चालत राहते. शिवाय जपानी बोलीत पैशालाही 'पाय' असा शब्द आहे. लहान लहान पैशांचे पुष्कळ पाय, असा त्यात श्लेष आहे.

या साऱ्याचा कळस म्हणजे गावच्या सहकारी संस्थेने 1990 साली उघडलेला बाजार. त्याचे नाव कोनोहाना गार्तेन. येथे गावची भाजी, फळे, लोणची, मुरंबे, घरगुती खाऊ विकला जातो. त्याला जोडूनच एक भोजनगृह आहे आणि तेथे शेतकरी घरातील स्त्रिया गावचेच पदार्थ रांधून वाढतात. आजी जे करीत होती तेच ताटात येते, आणि तेवढ्यासाठी शहरातील लोक डोंगर चढून येतात. घरात ज्याला कोणी पाककौशल्य म्हणून मोजले नव्हते, त्याला तेथे मोल आले.

जपानातील अशा थेट विक्रीच्या बाजारांची सर्वसाधारण रीत अगदी साधी आहे. पिकविणारा सकाळी स्वतः माल आणून मांडतो. पुडीवर त्याचे नाव असते. भाव तोच ठरवितो. विक्रीतील ठरावीक हिस्सा व्यवस्थेसाठी संस्था घेते. न विकलेला माल ज्याचा त्याने परत न्यायचा. एवढेच. परंतु या साध्या रीतीत दोन गोष्टी उत्पादकाच्या हाती येतात: नाव आणि भाव. भाव फार चढा लावला तर संध्याकाळी माल परत न्यावा लागतो, म्हणून हाव आपोआप आवरते. पुडीवर नाव असते, म्हणून नासका माल खाली आणि चांगला वर, असे करण्याची सोय राहत नाही. पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक तेच नाव शोधत येते, किंवा तेच नाव टाळते.

या गावाच्या उदाहरणावरून ओइताचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सु यांनी 1979 साली 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ साऱ्या प्रांतात सुरू केली. त्यांना 1995 साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीच कल्पना देशोदेशी फिरत आपल्याकडेही आली. 2020 साली केंद्र शासनाने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यातील 'एक जिल्हा, एक उत्पादन' हे सूत्र याच घराण्यातले.

तेथे सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. 2005 साली ओयामा हे हिता शहरात विलीन झाले. गावे ओस पडण्याचे आणि म्हाताऱ्या हातांचे दुःख जपानच्या ग्रामीण भागाला आजही आहे. बाजार हा काही सर्व रोगांवरील उतारा नव्हे. पण जे हात अजून काम करीत आहेत, त्यांना तो नाव देतो.

आता आपल्या भागाकडे वळू. बाहेरच्यांना जैन म्हटले की पेढीवर बसलेला व्यापारी आठवतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी मात्र नांगर धरणारा जैन शेतकरी पिढ्यान्पिढ्या आहे, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. मालाचीही आपल्याकडे वाण नाही. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 साली सांगलीचा बेदाणा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि मंगळवेढ्याची ज्वारी, तर 2018 साली सांगलीची हळद यांना ते लाभले. हा आनंदाचा विषय आहे. परंतु मानांकन प्रदेशाला नाव देते, गुळव्याला देत नाही. हळद शिजविणाऱ्या, घोळणाऱ्या, निवडणाऱ्या बाईचे नाव त्यात येत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

आणि ते करण्याची सवय आपल्या घरांत जुनी आहे. पीठ केव्हा दळले, हा प्रश्न आपल्या आया-आज्या नेहमी विचारीत आल्या. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, अशी पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांना पुडीवरील तारखेचे महत्त्व कायद्याने शिकवावे लागत नाही. धान्य शोधून, पाणी गाळून घेणाऱ्या हातांनी केलेल्या शेवया, कुरडया, सांडगे, मेतकूट यांना शहरात किती मागणी आहे, हे आपल्यातील पुण्या-मुंबईस राहणारे प्रत्येक कुटुंब जाणते. गावाहून परतताना पिशव्या भरूनच आपण गाडीत बसतो. केव्हा केले, एवढे आपण विचारतो. कोणी केले आणि तिला काय मिळाले, हे विचारायचे राहून जाते.

म्हणून विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना मांडतो. संस्थेचे हे सभागृह आणि बाहेरचे प्रांगण महिन्यातील बहुतेक दिवस मोकळे असते. महिन्यातून एक रविवार ते पंचक्रोशीतील शेतकरी, गुऱ्हाळवाले आणि महिला बचत गट यांच्या बाजारासाठी द्यावे. जाती-धर्माची अट नको. नियम मोजकेच असावेत. प्रत्येक पुडीवर करणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख. भाव ज्याचा त्याने लावायचा. प्रमाणित काटा सर्वांसमोर. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे घरगुती उद्योगालाही नोंदणी लागते. ती करून देण्यासाठी आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी एक टेबल मांडून बसावे. संस्थेने जागेपोटी विक्रीतील अल्प हिस्सा जरूर घ्यावा आणि त्याचा हिशेब फलकावर लावावा.

हिस्सा घ्यावा, असे मी मुद्दाम म्हणतो. दान देण्याची आपली परंपरा थोर आहे आणि या इमारतीची वीट न् वीट त्याची साक्ष देते. परंतु या बाजारात दानाची भाषा नको. शाल-श्रीफळ नको, व्यासपीठ नको. दान घेणाऱ्याची मान थोडी तरी लवते. योग्य भावाने माल विकून जागेचे पैसे चुकते करणाऱ्या बाईची मान ताठ राहते. आपल्याला तिच्यावर उपकार करायचे नाहीत, तिचे गिऱ्हाईक व्हायचे आहे.

या सूचनेने काहींचे मन दुखावेल, याची मला जाणीव आहे. आपल्यातील अनेक घरे अडतीवर आणि दुकानदारीवर उभी राहिली. माझेही त्याच मिठावर चालले. म्हणून अडत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊस उभा असताना, लग्नकार्याला, दवाखान्याला शेतकऱ्याला उचल कोणी दिली? बहुधा अडत्यानेच. महिन्यातून एकदा भरणारा बाजार ते काम करू शकणार नाही, आणि शेकडो रव्यांचा माल पुड्या बांधून एका रविवारी खपणारही नाही. मोठा बाजार राहणारच आहे. माझे मागणे इतकेच, की त्याच्या शेजारी एक लहान बाजार असावा, जेथे करणारा आणि खाणारा एकमेकांचे तोंड पाहतील. अशा समोरासमोरच्या विक्रीला आता कायद्याचीही आडकाठी उरलेली नाही. 2016 साली राज्यात फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले.

शेवटचा शब्द गिऱ्हाइकासाठी, म्हणजे आपणा सर्वांसाठी. आपण पिवळाधमक गूळ मागतो, म्हणून त्यात पावडर पडते. आपण दोन रुपये कमी करून मागतो, म्हणून कोठे तरी भेसळ होते. त्या बाजारात काळसर गूळ दिसला तर नाक मुरडू नका. विचारा, का काळा? समोर उभा असलेला माणूस सांगेल. त्याला सांगू द्या, आणि मग तो म्हणेल त्या भावाने घ्या.

तो वृद्ध शेतकरी आज हयात नाही. पण त्याचा नातू गुऱ्हाळ चालवितो, असे ऐकतो. पहिल्या रविवारी त्याचा रवा या प्रांगणात यावा, त्यावर त्याच्या घराचे नाव असावे, आणि त्याची पहिली पट्टी माझ्या हाताने लिहिण्याची मला संधी मिळावी, एवढी इच्छा आपल्यापुढे ठेवतो.