शेजारच्या बाकावरचा माणूस

उपवास ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आषाढी एकादशी असो, श्रावणी सोमवार असो की शेजारच्या घरातले रमजानचे रोजे असोत, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वसईच्या आम्हा कॅथलिकांच्या वाड्यांमध्येही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असाच एक काळ सुरू होतो. आम्ही त्याला उपवासकाळ म्हणतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू कपाळाला लावतात, तो याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६. मधले सहा रविवार उपवासाचे नसतात, म्हणून ४०.

खाण्यापिण्याचे नियम तसे सौम्यच आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचे. शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे मात्र चालतात! समुद्राकाठच्या माणसाला मटण सोडून मासळी खा म्हणणे ही शिक्षा की बक्षीस? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आम्हालाही लागू पडते. हे ओळखून कित्येक जण मासळीही सोडतात, कुणी दारू सोडतो, कुणी चहा, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला काढतात.

पण ताटातले सोडणे त्या मानाने सोपे. वसईत जमिनीला भाव आला आणि भावाभावांतला अबोलाही वाढला. हातभर बांधावरून दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात जात नाहीत. अशांच्या कानांवर उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा येतो. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे येशू सांगतो. घरी बसून हा उतारा वाचला तर पान उलटता येते. चर्चमध्ये तसे करता येत नाही, कारण तो भाऊ दोन बाक सोडून बसलेला असतो. भारतात मिस्सेच्या वेळी शांतीची खूण म्हणून आम्ही शेजाऱ्याला हात जोडून नमस्कार करतो. तो नमस्कार कुणी कुणाला चुकवला, हे अख्ख्या गावाला दिसते! संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची १४ स्थाने फिरतानाही दोघांना एकाच घोळक्यातून चालावे लागते. समेट दरवेळी होतो असे मुळीच नाही. कुणी चार शब्द बोलतो, कुणी पुढल्या वर्षावर ढकलतो. गावात राहायचे तर या प्रश्नातून सुटका नाही, एवढे खरे.

२०२० साली मात्र ती सुटका आपसूक मिळाली. २६ फेब्रुवारीला राख लागली आणि महिनाभराच्या आत टाळेबंदी आली. १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यासमोर बसून पाळला. उपवास झाले, प्रार्थना झाल्या. एरवीपेक्षा निवांतपणे झाल्या, असेही काही जण म्हणाले. ते मला पटले, आणि खटकलेही. पडद्यावरच्या धर्मगुरूंनी शांतीची खूण करायला सांगितली, तेव्हा घरोघरी आईने मुलाला आणि नवऱ्याने बायकोला नमस्कार केला. ज्याला करायला जड जातो, तो माणूस तिथे नव्हताच.

चर्चची दारे पुन्हा उघडली तेव्हा अंतर राखण्यासाठी बाकांवर खुणा केल्या होत्या. माणसे आपापल्या खुणेवर बसली आणि मग मान वळवून कोण कोण आले आहे ते पाहू लागली.