आंब्याची गाडी आणि उन्हातले टायर



एप्रिल-मे आला की हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून वाशी बाजाराकडे गाड्या सुटतात. पल्ला तीनशे किलोमीटरांच्या वर, आणि रस्ता तापलेला. "उन्हात हवा फुगते, म्हणून थोडी कमीच मारा," असे पुष्कळजण सांगतात. ते ऐकू नका. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, आणि या दबण्या-उठण्यानेच टायर आतून तापतो. त्यात पेट्या जास्त लादल्या, तर रबर आतल्या धाग्यांपासून सुटते नि टायर फुटतो.

तेव्हा हवा निघण्याआधी, टायर गार असताना तपासून घ्या. किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा धरा. वाटेत तपासलीत तर हवा वाढलेली दिसेल. ती सोडू नका, टायर गार झाल्यावर कमी पडेल. स्टेपनीही बघा, तिची आठवण बहुधा पंक्चर झाल्यावरच होते!

नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर टायर बदला. बाजूला चिरा किंवा फुगवटा असेल तर नक्षी चांगली असूनही तो नको. जुना टायर विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, तेव्हा तो बनला.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा आणि गाडी मंदावली की डाव्या कडेला घ्या.