रुग्णाची पाठवणी आणि परिचारिका

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



इतिहास, उद्योग, शिक्षण या विषयांवर अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून पुष्कळ सांगितले आहे. आमचे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डात गेले. तेव्हा तेथील ज्या कामाची वाच्यता फारशी होत नाही, त्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो. ते काम म्हणजे रुग्णास घरी पाठविण्याची तयारी. इंग्रजीत तिला ‘डिस्चार्ज प्लॅनिंग’ म्हणतात. आणि रुग्ण दाखल झाल्यापासून घरी स्थिरावेपर्यंत त्याच्या सर्व व्यवस्थेचे सूत्र एका हाती ठेवण्यास ‘केस मॅनेजमेंट’ हे नाव आहे. आम्ही आपल्या घरगुती भाषेत त्यास ‘पाठवणी’ म्हणू.

मुलीच्या पाठवणीची तयारी काही निरोपाच्या घटकेस सुरू होत नाही. घरातील वडीलधारी बाई ती कितीतरी आधीपासून मनात जुळवीत असते. रुग्णाची पाठवणीही तो खाटेवर आला त्याच दिवशी सुरू व्हावयास हवी. प्रत्यक्षात बहुधा काय घडते? सकाळच्या फेरीत डॉक्टर “आज घरी जायला हरकत नाही” म्हणतात. मुलगा बिलाच्या खिडकीकडे धावतो, सून सामान आवरते, आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीत पडते. घरच्या डब्यातील जुनी गोळी व कार्डावरील नवी गोळी यांची नावे निराळी, परंतु औषध एकच, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही चालू राहतात. आठ दिवसांनी तोच रुग्ण त्याच वॉर्डात परत येतो, आणि आपण दैवास बोल लावतो.

जाणती परिचारिका पहिल्याच दिवशी विचारते: घरी दिवसा कोण असते? घर कितव्या मजल्यावर आहे? शौचालय आत की बाहेर? औषध कोण देणार, आणि त्यास कार्डावरील अक्षर वाचता येते काय? मग ती एक माणूस निवडते आणि त्यास शिकवू लागते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास साधारण दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवावे, इन्सुलिनची सुई कोठे व कशी टोचावी, हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी का करावे, हे ती दाखविते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते अन्न अंगी लागल्याचे नव्हे, शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते; तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांस कळवावयाचे असते. शिकवून झाल्यावर “समजले ना?” असे ती विचारीत नाही, कारण त्यास सारेच ‘हो’ म्हणतात. “आता तुम्ही मला करून दाखवा,” असे ती म्हणते. डॉक्टर, औषधविक्रेता, व्यायाम शिकविणारा आणि घरची मंडळी यांच्यामधील दुवा तीच होय.

हे केवळ आमचे मत नव्हे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विमायोजनेखालील रुग्णांची २००३-०४ मधील नोंद तपासली असता, घरी गेलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाल्याचे आढळले. त्याआधीच, १९९९ साली, फिलाडेल्फिया येथील मेरी नेलर या परिचारिका-संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ३६३ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांपैकी एका गटाची पाठवणी विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी आखली आणि घरी गेल्यावरही चार आठवडे त्यांची विचारपूस ठेवली. २४ आठवड्यांत निदान एकदा पुन्हा दाखल व्हावे लागलेले रुग्ण दुसऱ्या गटात ३७.१ टक्के होते, तर या गटात २०.३ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ एका जाणत्या बाईने हात सोडला नाही, एवढाच फरक.

आता आपल्या घराकडे वळू. आपला वैद्यकीय साहाय्य निधी रुग्णालयाच्या पावतीवर मदत देतो, हे भूषणावह आहे. परंतु रुग्ण उंबरठ्याच्या आत आला की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. खरी परीक्षा तर तेथेच सुरू होते. आमची सूचना अशी की, निधीचा काही भाग घरी आल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावा. वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी हे साहित्य मंडळाने अल्प अनामत घेऊन वापरावयास द्यावे. ज्ञातीतील निवृत्त परिचारिकांची यादी करावी, आणि त्यांपैकी एकीने रुग्णाच्या घरी दोन वेळा तरी जाऊन यावे. तिला जाण्यायेण्याचा खर्च व योग्य मानधन द्यावे. सेवेच्या नावाखाली बाईचे श्रम फुकट घेण्याची रीत आता पुरे झाली.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाकडे वळविले, त्यास शंभर वर्षे उलटून गेली. तरीही आपल्या वधूवर सूचीत परिचारिका मुलीच्या नावापुढे ‘विवाहानंतर नोकरी सोडण्यास तयार’ असे छापावे लागते, कारण रात्रपाळी सासरच्यांस रुचत नाही. ज्या रात्री आपल्या वडिलांस धाप लागते, त्या रात्री वॉर्डात जागी असणारी मुलगी आपणांस हवी असते. तीच आपल्या घरी सून म्हणून नको असते. हा विसंगत न्याय या सभेने मनाशी तोलून पाहावा.

आपल्यापैकी कोणाचा आप्त उद्या रुग्णालयात असेल, तर बिलाच्या खिडकीशी उभे राहण्यापूर्वी वॉर्डातील परिचारिकेपाशी थोडा वेळ बसा. घरी काय करावयाचे, काय टाळावयाचे आणि कोणते लक्षण दिसताच परत यावयाचे, या तीन गोष्टी तिच्याकडून लिहून घ्या. तिच्यावर अनेक खाटांचा भार असतो, तेव्हा आदराने विचारा, ती सांगेल.

 आमच्या सूचनांवर कार्यकारी मंडळाने विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.