अर्धवट राहिलेली वाट

कसाऱ्याला लोकल रिकामी झाली की पाठीवर सॅक घेतलेली मंडळी घोटीकडच्या जीप शोधू लागतात. त्यातल्या काहींना रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं चालत हरिश्चंद्रगड गाठायचा असतो.

समजा, दोघं नवरा-बायको निघाले आणि एकाचा घोटा मुरगळला. कुमशेतपर्यंत रस्ता आहे, तिथून परत फिरावं. वाट पुढच्या हंगामातही असतेच.

खरं काम घरी सुरू होतं. सूज उतरली, दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला असं नव्हे. ताणलेले अस्थिबंध भरून यायला अनेक आठवडे लागू शकतात, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची भीती जास्त. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं एका पायावर तोल सांभाळायचा, टाचा उचलायच्या, मग जिने, मग वजन घेऊन जिने. माझ्या मते, जोडीदारानंही हे सोबत करावं; एकट्यानं केलेला व्यायाम लवकर सुटतो.

पुन्हा निघाल्यावर चाल दुखऱ्या पायाची. जड सामान दुसऱ्याकडे. चढापेक्षा उताराला जपा, गुडघ्या-घोट्यावर खरा मार तिथे बसतो; दोन काठ्या हव्यातच. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्या. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरलं की माळशेजमार्गे मुरबाडची एसटी मिळते. पण तोलार खिंडीकडचे कातळटप्पे पायाची परीक्षा घेतात. पाय कुरकुरत असेल तर सरळ पाचनईला उतरा.