वाणिज्याचे विद्यार्थी आणि आकड्यांची जाण



ठाण्यास १९६९ साली बेडेकर वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये कल्याणला बिर्ला महाविद्यालय उभे राहिले. डोंबिवलीपासून मुरबाड-शहापूरपर्यंतच्या मुलामुलींना वाणिज्य शिक्षण घराजवळ आले. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे वाट सुकर झाली, असे होत नाही.

बारावीपर्यंत वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेता येतो. गणिताच्या धास्तीने पुष्कळ विद्यार्थी तो घेतात. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीच्या प्रथम वर्षाला मात्र गणित व संख्याशास्त्र दीर्घकाळ अनिवार्य होते. टाळलेला विषय तेथे पुन्हा समोर उभा राही. आणि अभ्यासक्रम बदलला तरी हिशेबशास्त्रातून आकडे कसे वगळणार?

एक उदाहरण पाहू. १०,००० रुपयांच्या यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल १० टक्के घसारा आकारावयाचा आहे. तो अनुक्रमे १,०००, ९०० आणि ८१० रुपये होईल. तीन वर्षांनी ७,२९० रुपये शिल्लक राहतील. 'टक्के कशाचे?' हा प्रश्न ज्याला पडत नाही, तो दरवर्षी हजारच वजा करून ७,००० लिहितो. नोंदींचे नियम त्याला मुखोद्गत असतात. त्याची चूक टक्केवारीत असते. गुण मात्र हिशेबशास्त्रात जातात आणि आपल्याला हा विषय झेपत नाही, असे तो मनाशी ठरवून टाकतो. खरी हानी ही आहे.

पूर्वी पावकी, निमकी, दिडकीच्या पाढ्यांनी अपूर्णांक मुलांच्या जिभेवर बसत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ते पाढे हळूहळू मागे पडले. ते पुन्हा घोकून घ्यावेत असे मी म्हणत नाही. परंतु आकड्यांशी ती सलगी अन्य मार्गाने साधली पाहिजे.

महाविद्यालयांनी आरंभीच अपूर्णांक, टक्केवारी व गुणोत्तर यांची साधी चाचणी घ्यावी. ती मुलांना नापास ठरवण्यासाठी नव्हे, उणीव हेरण्यासाठी असावी. तिच्या आधारे पहिल्या सत्रातच उजळणीचे वर्ग भरवावेत. शाळांनी आठवडेबाजाराचे हिशेब वर्गात आणावेत. ग्रामपंचायतींनी आपला जमाखर्च सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवून घरपट्टीची किती टक्के वसुली झाली, हे त्यांच्याकडून काढून घ्यावे. त्यात मुलांचे गणित पक्के होईल आणि गावाचा हिशेबही त्यांना कळेल.

पदवीच्या वर्गात दिसणारी उणीव प्राथमिक शाळेच्या फळ्यावरच भरून निघते, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.