फाट्यावर उभ्या असलेल्या प्रवाशासाठी



सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गांची सामायिक यादी राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. समोर शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, महाविद्यालयीन मुले-मुली आहेत, आणि आयुष्यभर एसटीच्या स्थानकावर उभे राहून गाड्या सोडलेले निवृत्त वाहतूक नियंत्रकही आहेत. या कामाचा कुणाला पगार नाही. सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून थांबे टिपायचे, रात्री ते संगणकावर चढवायचे, आणि मार्ग बदलला की पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागायचे, असे हे काम आहे. ते का करावे, आणि कसे केले तर प्रवाशाच्या खऱ्या उपयोगी पडेल, या दोनच प्रश्नांवर मी आज बोलणार आहे.

पहिला प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. एसटी महामंडळ आहे, महापालिकांचे परिवहन उपक्रम आहेत, त्यांची संकेतस्थळे आणि ॲप आहेत. मग तुमची यादी कशाला? उत्तर सरळ आहे. प्रत्येक उपक्रम आपल्या गाड्यांची माहिती देतो, प्रवासी मात्र एकाच उपक्रमाच्या हद्दीत प्रवास करत नाही. कोल्हापूरहून गोव्यातल्या चोडण बेटावर माहेरी निघालेल्या बाईचा प्रवास पाहा. पणजीपर्यंत एसटी किंवा गोव्याच्या कदंबा परिवहन महामंडळाची गाडी, पणजीहून रायबंदरपर्यंत खाजगी बस, आणि तिथून गोव्याच्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट. तिच्या दृष्टीने हा एकच प्रवास आहे. तो जोडून सांगण्याची जबाबदारी यांपैकी एकाही कचेरीवर नाही. ती जबाबदारी आपण आपणहून घेतली आहे, आणि आपल्या यादीचे प्रयोजन तिथेच आहे.

मार्गांचे ज्ञान आपल्याकडे आधी नव्हते असे मुळीच नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून आगारागणिक मार्गांची माहिती साठत गेली आहे. ती तीन ठिकाणी राहिली: स्थानकाच्या भिंतीवरच्या फलकावर, नियंत्रकाच्या वहीत आणि चालक-वाहकांच्या डोक्यात. चौकशीच्या खिडकीमागे बसलेला माणूस एका दमात पाच गाड्या, त्यांचे ‘मार्गे’ आणि त्यांचे फलाट सांगत असे. त्या माणसांचे ऋण मी या व्यासपीठावरून मानतो. पण ते ज्ञान त्या खिडकीपाशीच मिळे. आठ किलोमीटरवरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते मिळत नसे, आणि तो नियंत्रक निवृत्त झाला की त्यातले बरेचसे त्याच्याबरोबर घरी जाई.

आज आपल्या हाती दोन साधने आहेत. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा हे पहिले. जगातला कुणीही त्यात भर घालू शकतो, आणि प्रत्येक बदल कुणी, केव्हा केला याची नोंद त्यात राहते. दुसरे साधन म्हणजे जीटीएफएस ही वेळापत्रक लिहिण्याची रीत. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची परिवहन संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून ती २००५ च्या सुमारास घडवली, आणि आता ती जगभर चालते. तिच्यात गूढ काही नाही. स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या काही फायली असतात: एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक थांब्यावरची वेळ, आणि एकीत कुठली फेरी कुठल्या वारी चालते ते. ज्याला हिशेबाची वही लिहिता येते, त्याला ही फाईल लिहिता येते.

या दोन साधनांचे नाते नव्या स्वयंसेवकाला समजावताना मी सातबाऱ्याचा दाखला देतो. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची आणि किती ते असते. ते वारंवार बदलत नाही. नमुना बारामध्ये पीक असते. ते दर हंगामाला पाहून लिहावे लागते. आपला नकाशा हा सात आहे: रस्ता, फाटा, थांबा, स्थानक. वेळापत्रक हे बारा आहे. पीकपाहणी न करता बारा भरला तर शेतकऱ्याचे नुकसान होते, आणि फेरी न पाहता वेळ भरली तर प्रवाशाचे होते.

मित्रहो, माझे आजचे सांगणे यातच आले आहे. नोंद करणे हा आपल्या कामाचा लहान भाग आहे. नोंद राखणे हे खरे काम आहे.

एक नोंद जवळून पाहू. एखाद्या तालुक्याच्या गावाहून संध्याकाळी सुटणारी मुक्कामी गाडी घ्या. शेवटच्या गावात ती रात्री थांबते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, भाजीवाल्या बाया आणि शाळा-कॉलेजची मुले घेऊन तालुक्याला येते. कागदावर दिवसाच्या या दोनच फेऱ्या. शहरातल्या मार्गाशी तुलना केली तर क्षुल्लक. पण शहरात एक बस चुकली तर दहा मिनिटांनी दुसरी येते. इथे चुकली तर दिवस बुडतो. म्हणून माझे मत असे, की ज्या मार्गावर सर्वांत कमी फेऱ्या आहेत त्या मार्गाची नोंद सर्वांत काटेकोर हवी.

आता तिचे थांबे. निम्म्या ठिकाणी पाटी नाही, शेड नाही. हात दाखवला की गाडी थांबते तो विनंती थांबा. आपला स्वयंसेवक तिथे उतरतो, टपरीवाल्याला विचारतो, ‘काका, या थांब्याला काय म्हणतात?’ वाहक फाट्याचे नाव सांगतो, गावकरी वस्तीचे, ग्रामपंचायतीच्या कागदावर तिसरेच असते. तिन्ही नावे लिहायची. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून बुद्रुक, खुर्द, तालुका, जिल्हा गाळायचा नाही. जाण्याचा आणि येण्याचा थांबा रस्त्याच्या दोन बाजूंना असेल तर दोन बिंदू द्यायचे. जाताना गाडी गावातून आणि येताना बाहेरून जात असेल तर दोन्ही दिशा वेगळ्या नोंदवायच्या. हे सगळे झाल्यावर सर्वांत महत्त्वाची ओळ लिहायची: तपासणीची तारीख.

शहरांची नावे बदलतात तेव्हाही हाच काटेकोरपणा लागतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आज अधिकृत असलेले नाव नकाशावर मुख्य ठेवायचे आणि जुने नाव ‘जुने नाव’ म्हणूनच जपायचे. गाडी शोधणारी आजी जे नाव टाइप करवून घेईल, त्या नावाने तिला तिची गाडी सापडली पाहिजे.

वेळांच्या बाबतीतही बारकावे आहेत. रात्री साडेदहाला सुटून पहाटे सव्वापाचला पोहोचणारी रातराणी जीटीएफएसमध्ये लिहिताना पोहोचण्याची वेळ २९ वाजून १५ मिनिटे अशी लिहितात, कारण ती फेरी आदल्या दिवसाची असते. नवा माणूस हे पाहून चक्रावतो आणि ‘चूक’ दुरुस्त करतो. मग गाडी सुटण्याआधीच पोहोचलेली दिसते. तसेच घाटांचे. भोर आणि महाडला जोडणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींच्या भीतीने अवजड वाहनांना बंद ठेवण्याची वेळ अनेकदा येते. तेव्हा घाटातल्या फेरीची नोंद उडवायची नाही, आणि तशीच चालूही ठेवायची नाही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बंद, अशी अपवादाची नोंद करायची सोय त्या फायलींमध्ये आहे; ती वापरायची.

आणि वडाप? काळी-पिवळी? टमटम? आपल्या ग्रामीण भागातला मोठा प्रवास त्यांच्यावर चालतो, आणि ती भरल्यावर सुटतात. वेळ लिहिता येत नाही म्हणून ती यादीबाहेर ठेवणे मला मान्य नाही. केनियाच्या नैरोबी शहरातल्या मटाटू या खाजगी गाड्यांचेही असेच होते. तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी फोन हातात घेऊन त्या गाड्यांतून प्रवास केला, अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर मार्ग आणि थांबे नोंदवले, आणि २०१४ साली शहराचा मटाटू-नकाशा लोकांसमोर ठेवला. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात तर स्वयंसेवकांनीच बसमधून फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर मार्ग चढवले आणि छापील नकाशा काढला. ठरलेले वेळापत्रक नसले तरी कुठून सुटते, कुठे जाते, साधारण किती वेळाने मिळते आणि शेवटची केव्हा, एवढे लिहिता येते. रात्री फाट्यावर उतरणाऱ्या माणसाला तेवढेही पुष्कळ असते.

आता मी थोडा कठोर होणार आहे. नवा मार्ग चढवताना आपल्याला आनंद होतो. बंद पडलेला मार्ग काढताना कुणी टाळ्या वाजवत नाही. त्यामुळे यादी वाढत राहते आणि आतून शिळी होत जाते. २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात यादीतल्या हजारो नोंदी एका रात्रीत निरर्थक झाल्या. संप मिटल्यावरही सगळ्या फेऱ्या एकदम पूर्ववत झाल्या नाहीत. अशा वेळी जुनी वेळ तशीच दाखवणारी यादी ही कोऱ्या पानापेक्षा वाईट असते. कोरे पान पाहिलेला माणूस चौकशी करतो. खोटी वेळ पाहिलेला माणूस विश्वासाने घराबाहेर पडतो.

तो माणूस कोण असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर बारावीपर्यंत शिकणारी मुलगी असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यावर दवाखान्यात निघालेली बाई असते. पंच्याहत्तरी ओलांडलेले, मोफत प्रवासाचा हक्क असलेले आजोबा असतात. सरकारने सवलत दिली ही चांगली गोष्ट झाली. पण गाडी कधी येते हे ठाऊक नसेल तर सवलत कागदावर राहते. तिकीट परवडणे आणि गाडी सापडणे या दोन्ही गोष्टी मिळून प्रवासाचा हक्क पुरा होतो, आणि दुसऱ्या गोष्टीत आपला वाटा आहे.

परिवहन उपक्रमांकडे आणि शासनाकडे माझी एकच मागणी आहे: वेळापत्रके आणि मार्ग मोकळ्या परवान्याने, यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात प्रसिद्ध करा, आणि बदल झाला की त्याच दिवशी करा. हे अशक्य नाही. दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या साहाय्याने २०१८ साली तिथल्या बसची माहिती खुली केली. कोची मेट्रोने त्याच वर्षी आपली केली. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्यच आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अटही काढून टाकली आहे. दार उघडे आहे; आगारातली फाईल तेवढी बाहेर यायला हवी. ती आली म्हणून आपले काम संपणार नाही. कागदावरची फेरी रस्त्यावर खरोखर धावते का, हे फाट्यावर उभे राहूनच कळते.

आणि आपल्या स्वतःकडून माझ्या चार अपेक्षा आहेत.

पहिली: प्रत्येक आगाराला एक पालक आणि एक पर्यायी पालक असावा. यादी सर्वांची म्हणजे कुणाचीच नाही, असे होऊ देऊ नका.

दुसरी: दर नोंदीवर तपासणीची तारीख असावी, आणि वर्षभरात न तपासलेली नोंद प्रवाशाला ‘खात्री करून घ्या’ अशा स्पष्ट शब्दांत दिसावी. जुनी तारीख उघड दाखवण्यात कमीपणा नाही.

तिसरी: नोंद स्वतः पाहून किंवा विचारून करावी. दुसऱ्याच्या व्यापारी नकाशातून उचलू नये. त्यात कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय तिथली चूकही आपल्या नावावर जमा होते.

चौथी: यादी पडद्यावर अडकून राहू नये. आपल्या यादीचा परवाना छापायला मोकळीक देतो. दोन्ही दिशांच्या वेळा, शेवटची गाडी आणि तपासणीची तारीख, एवढे एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापा आणि शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावा. सीमाभागात कन्नडमध्येही लावा. ज्याच्याकडे फोन नाही, तोही आपला वाचक आहे.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि आगारांची वेळापत्रके हलतात. त्याआधीच्या पंधरवड्यात इथल्या प्रत्येकाने आपल्या तालुक्यातली सर्वांत कमी फेऱ्यांची पाच गावे निवडावीत, तिथे प्रत्यक्ष गाडीने जावे, आणि बंद झालेली प्रत्येक फेरी यादीतून काढावी. नव्या किती चढवल्या हे पुढच्या संमेलनात मी विचारणार नाही. जुन्यांपैकी किती खऱ्या ठेवल्या, हे विचारेन. त्या प्रश्नाला आपण सगळे मिळून चांगले उत्तर देऊ, असा मला पूर्ण भरवसा आहे.